निरोगी गटातली बाई

सकाळी अकराच्या सुमारास सी-एक्केचाळीस नंबरच्या पट्टीवर रेघ उमटली, तेव्हा मी आधी पट्टीला दोष दिला, मग रंगाला, मग सकाळपासून दोनदा गेलेल्या विजेला. रेघ जागची हलली नाही. बारीक, काळीभोर, दोन्ही कडा सुरीनं कापल्यासारख्या. शेजारच्या पट्ट्यांवर त्या जागी नुसता धुरकट डाग होता, आणि तो तसाच असायला हवा. रक्तातली प्रथिनं विजेवर पळवली की ज्याच्या त्याच्या चालीनं ज्याच्या त्याच्या जागी थांबतात. शेवटच्या टप्प्यात रोगांशी भांडणारी प्रथिनं येतात, ती हजार तऱ्हांची, म्हणून तिथे धूर. पण हाडाच्या मगजातली एखादी प्लाझ्मा पेशी डोकं फिरल्यासारखी आपलीच पिलावळ वाढवत सुटली आणि ती सगळी मिळून एकाच तऱ्हेचं प्रथिन ओकायला लागली, की धुराच्या जागी रेघ येते. पुढे कधीतरी त्याचा मगजाचा कॅन्सर होतो, हाडांना भोकं पडतात, किडन्या तुंबतात. सगळ्यांच्या नाही, रेघवाल्या शंभरातल्या एखाद्याच्या, दर वर्षी. हे मला कुणी शिकवलेलं नाही. बावीस वर्षांपूर्वी मी साताऱ्याच्या या लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुवायला लागले, दहावी पास, आणि नळ्या धुता धुता टेबलावर काय चाललंय ते बघत राहिले. आता पट्ट्या मीच चालवते आणि पदव्यावाले त्यांच्याखाली सह्या करतात. सी म्हणजे कंट्रोल, निरोगी गट. आजाऱ्यांशी ताडून बघायला धडधाकट माणसं लागतात, ती कमी पडली म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही स्टाफनंच दंड पुढे केले. सी-चाळीस शिवांजली, आमची फॉर्म भरणारी पोरगी. सी-एक्केचाळीस मी.

भीती वाटायला हवी होती. आला तो राग, आणि तोही कालच्या चहाचा. काल चार वाजता धैर्यशील सरांनी क्रीमरोल आणले होते. सर अमेरिकेत सहा वर्षं राहून आलेत, सातारा-सांगलीत चाललेली या आजाराची पाहणी त्यांची, आणि माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. तोंडात घास असताना ते टाच हलवतात, कुठलंसं गाणं आतल्या आत चालू असल्यासारखी. म्हणाले, "तिकडं काळ्या लोकांत हे गोऱ्यांच्या दुपटीनं दिसतं. गरिबी, वजन, बाकीचं सगळं वजा करून बघितलं, तरी काहीतरी शिल्लक राहतंच म्हणतात. आणि आपलं बघा. सांगलीच्या पूर्व भागातले चव्वेचाळीस पेशंट, त्यातले एकोणतीस एकाच समाजाचे."

"कुठल्या, सर?" शिवांजलीनं विचारलं. ठाऊक नसल्यासारखं. रकाने तिनंच भरले होते.

सरांनी आवाज खाली घेऊन सांगितलं. सभ्य माणसं आमच्या समाजाचं नाव घेताना आवाज खाली घेतात, दुर्धर आजाराचं नाव घेताना घेतात तेवढाच. मग परत मोठ्यानं म्हणाले, "रक्तातच असणार त्यांच्या काहीतरी. पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच लग्नं. बरंय, आपल्याकडं नाही." आणि 'आपल्याकडं' म्हणताना क्रीमरोलचा हात शिवांजलीपासून माझ्यापर्यंत फिरवला. मी त्या हाताच्या घेऱ्यात मुकाट बसले, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, साखर जास्त झालीय आज.

संयोगिता या नावाला लोक साताऱ्यात खुर्ची पुढे करतात. सासऱ्यांनी ठेवलेलं. ते पलटणीत कारकून होते, आडनाव त्यांनी आधीच गॅझेटात बदलून गावाच्या नावावरून घेतलं होतं, आणि सून आणली ती मी, माझं नाव हरणा. म्हणाले, हे इथं चालायचं नाही. त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं. त्यांना फक्त कुणी दारात उभं राहून, आत यावं की न यावं असा विचार करायला नको होता. मलाही नको झाला. लॅबमध्ये पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. एक वर्ष गेलं, मग दहा गेली. हळदीकुंकवाला नेलं, गेले. कुणाच्या तरी बारशाला पाळण्याची दोरी हातात दिली, ओढली. त्यांच्यात बसून आमच्या लोकांविषयीचे विनोद ऐकले आणि हसायची वेळ आली की पदराला काहीतरी लागलंय म्हणून खाली बघितलं. खोटं कधी बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत आले. त्याला काय, तोंडच उघडलं नाही.

रेघेकडे बघता बघता मला माझी बोटं दिसली, हातमोज्यातली, आणि एकदम जिभेवर ती कडू चव आली. हरणाचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं, कुसळं आणि दगडाचं. मग द्राक्षबागा आल्या. ऑक्टोबरात छाटणी झाली की काडीवरचे डोळे सगळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना औषध पुसतात, पेस्ट म्हणतात तिला. डोळा म्हणजे काडीच्या पेरावरचा कोंब, गव्हाएवढा. बादलीत पेस्ट कालवायची, पुसलेली काडी ओळखू यावी म्हणून त्यात लाल रंग टाकायचा, फडक्याचा बोळा बुडवायचा आणि काडी न् काडी, डोळा न् डोळा पुसत जायचं. बागवाल्या कृष्णातअण्णानं एकदा हातमोजे आणले होते, हे खरं आहे आणि ते मला रागाच्या भरातही नाकारता येत नाही. आम्हीच काढून टाकले. मोज्यात डोळा हाताला लागत नाही, बोट जरा जास्त पिळलं की मोडतो, आणि डोळा मोडला म्हणजे घड गेला. उघड्या हाताच्या बाईची ओळ पुढं सरकायची, आणि जिची ओळ पुढं तिला वर्षभर कामाची पहिली हाक. उघडा हात ही हुशारी होती. दहाव्या वर्षी मी आमच्या आळीतली सगळ्यात हुशार पोरगी होते. संध्याकाळी हात धुतले तरी लालच राहायचे, चौथ्या दिवशी सालपटं निघायची, आणि भाकरी कडू लागायची. माझा मोठा भाऊ यल्लाप्पा पाठीवर पंप घेऊन फवारणीला असायचा. घरी आल्यावर तो माझ्या हाताकडं बघून म्हणायचा, "हरणे, तुजं लगीन लागलं बग बागंसंगं, हात रंगलं."

बागेशी लग्न त्याचंच लागलं. मी सतराव्या वर्षी सुटले; तो राहिला. तीन वर्षांपूर्वी त्याची पाठ दुखायला लागली. तिकडच्या डॉक्टरनं वयाचं दुखणं सांगितलं, कॅल्शियम दिलं. मग दुसऱ्यानं कॅल्शियम दिलं, निळ्या डबीतलं. तो पेनकिलर खाऊन फवारायला जात राहिला आणि ज्या पेशंटच्या किडन्या आधीच तुंबत आल्यात त्यानं पेनकिलर खायची नसते, हे त्याला सांगायला कुणी नव्हतं. मी होते, आणि मी साताऱ्यात पट्ट्या चालवत होते. दोन वर्षांनी खोकताना त्याची बरगडी मोडली तेव्हा कुठं त्याचं रक्त तपासलं. कृष्णातअण्णाचीही पाठ दुखली होती. त्याच साली, त्याच बागेत. तो ट्रॅक्टरवर बसून फवारणीचा ब्लोअर चालवायचा, औषधाचा ढग त्याच्याही अंगावर यायचाच. त्याला मुलानं गाडीत घालून पुण्याला नेलं, सतरा दिवसांत निदान, आता केस परत उगवलेत आणि बागेत खुर्ची टाकून बसतो म्हणतात. हे मला वहिनीनं, बाळाबाईनं सांगितलं, सांगलीच्या वॉर्डात. मी एकदाच गेले होते तिथं. लॅबमध्ये सांगितलं, भाचीचं लग्न आहे. तोंडाला स्कार्फ बांधून गेले, स्कूटीवरच्या पोरी उन्हाला बांधतात तसा, आणि पूर्ण वेळ सोडला नाही, कारण आमच्या पाहणीची माणसं त्याच वॉर्डात फिरत होती. यल्लाप्पानं एकदा माझ्या डोळ्यांकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. बाळाबाई म्हणाली, "आवं, बहीण आलीया न्हवं?" तो म्हणाला, "नर्सबाई आसंल."

साडेबाराला सगळे डबे खायला गेले. मी नाही गेले. फ्रीजमध्ये सी-चाळीसचं, शिवांजलीचं सीरम उरलं होतं. दोन थेंब पुरे. नवी पट्टी, नंबर माझा, धूर तिचा. जुनी फेकायची. कुणाला कळणार नव्हतं, आणि मला वाटलं, हे मी भीतीनं करत नाही, हे मी भांडणासाठी करतेय. कारण ही रेघ मी सरांच्या हातात दिली की त्यांचं ते 'रक्तातच असणार' जिंकलं. भाऊ रानात राबलेला, बहीण साताऱ्यात सावलीत बसलेली, आणि दोघांच्या पट्टीवर तीच रेघ. याहून चांगला पुरावा त्यांना विकत मिळाला नसता. आमच्या पोराबाळांच्या कपाळी ते लिहून ठेवतील, छापतील, कुठल्याशा परिषदेत पडद्यावर दाखवतील. देऊच नये. पण मग दर सहा महिन्यांनी माझी रेघ जाड होतेय का ते कोण बघणार? यल्लाप्पासारखी एक दिवस खोकेन आणि बरगडी मोडेल. आणि पिंकी, माझी मुलगी, पुण्यात नोकरीला लागलीय, तिला मी काय म्हणून तपासून घे सांगू, जर कागदावर माझ्या रक्तात काहीच नसेल? सीरमची नळी हातात घेतली होती. गार होती. सर म्हणतात तसं असेलही, असं मनात आलं. नसेलच असं कुणी सांगावं. ते मला सगळ्यात जास्त झोंबलं, की मी ज्यांच्यावर जळतेय त्यांचं कदाचित अर्धं बरोबर असेल.

नळी तशीच स्टँडमध्ये ठेवून मी फायलींच्या कपाटाकडं गेले. यल्लाप्पाचा फॉर्म मी आजवर बघितला नव्हता. त्या वॉर्डाचे फॉर्म शिवांजलीनं भरलेले. त्याचा नंबर पी-सतरा, पी म्हणजे पेशंट. समाजाचा रकाना नीट भरलेला. व्यवसाय: 'घरी'. इकडंतिकडं चाळलं, एकोणतीसच्या एकोणतीस जणांपुढं हेच. पुरुषांना 'घरी', बायकांना 'गृहिणी'. त्यातले पाच-सहा तर माझ्याच अक्षरात होते, दुसऱ्या एका तपासणी कॅम्पमधले. त्या म्हाताऱ्यांच्या बोटांकडं बघूनही मी 'गृहिणी' लिहिलं होतं, कारण रकान्यात 'सध्याचा' असं छापलंय. मग पी-सतराचं दुसरं पान. भावंडं: एक. बहीण. मयत.

खुर्ची नव्हती, खालीच बसले. शिवांजलीनं स्वतःच्या मनानं लिहिलं नसणार. तिनं विचारलं असेल, काका, भाऊ-बहीण किती? आणि तो म्हणाला असेल, एक बहीण हुती, वारली. रागानं म्हणाला का? की त्या पोरीच्या गळ्यातलं आमच्या लॅबचं ओळखपत्र बघून, हरणा हिथंच कामाला हाय, आपलं नाव तिच्या नावाला चिकटाय नगं, म्हणून मला पुरून टाकलं? मला कळेना. कळायला हवं होतं, इतकी वर्षं एका ताटात जेवलो होतो. मी मेल्याचं सुतक त्यानं एकट्यानं धरलं आणि मी तेव्हा साताऱ्यात कुणाच्या तरी डोहाळजेवणात ओटी भरत असेन. रडू आलं नाही. पुन्हा राग, पण या खेपेला त्याला जागा सापडेना, सरांवर टाकला तर घसरून माझ्याच मांडीवर पडायचा.

दीड वाजता मी पट्टी आणि पी-सतरा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. शिवांजली तिथेच कॉम्प्युटरवर होती.

"सर, सी-एक्केचाळीस निरोगी नाही."

"अरे. कोण आहे?"

"मी."

ते चटकन उठले, स्वतःची खुर्ची मला दिली. खरंच दिली. म्हणाले, घाबरू नका मॅडम, पुष्कळदा हे जन्मभर नुसतंच राहतं, मी स्वतः लक्ष घालतो, उद्याच पुढच्या तपासण्या करू. मग माझा फॉर्म काढून पेन उघडलं. "घरात कुणाला आहे का? अर्थात, नसणारच."

"भावाला आहे." मी फॉर्म पुढे सरकवला.

त्यांनी वाचला. समाजाच्या रकान्यावर डोळे थांबले, तिथून माझ्या कपाळावर आले, परत खाली गेले. "पण यात बहीण मयत आहे."

"ती मीच."

"ताई, पण मग तुम्ही..." शिवांजली बोलता बोलता थांबली. तिचा हात तोंडाकडं गेला. कालचा क्रीमरोल, हळदीकुंकू, पाळण्याची दोरी, सगळं तिच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसलं. मला तिची कीवही आली आणि तिला एक चापट मारावीशीही वाटली.

सर सावरले. माणूस सावरतो तेव्हा आधी कामाकडं वळतो. "म्हणजे एकाच घरात दोघं. मॅडम, तुम्हाला कल्पना आहे का, हे किती महत्त्वाचं आहे? आणि तुम्ही तर शेतात कधी पाऊलसुद्धा... म्हणजे औषधांशी संबंधच नाही. मी म्हणत होतो तेच." डोळे चमकत होते. टाच हलत होती.

"व्यवसायाचा रकाना राहिलाय, सर."

"लिहितो ना. लॅब टेक्निशियन."

"त्याआधीचा. द्राक्षाच्या बागेत पेस्ट लावायला होते. उघड्या हातानं, दहाव्या वर्षापासून."

पेन थांबलं. "फॉर्ममध्ये फक्त सध्याचा आहे."

"म्हणून तर एकोणतीस जण घरी बसलेत. हाडांना भोकं पडलेला माणूस घरीच असणार. आणि त्या गावचा बागमालक, कृष्णातअण्णा, त्यालाही हेच आहे. तो यादीत का नाही?"

"तो आपल्याकडं आलेलाच नाही."

"नाही आला. गाडी होती, पुण्याला गेला. त्या पट्ट्यातले गाडीवाले किती असे गेले, मोजलं का कुणी? मागं उरले ते आमचे. त्यांचं रक्त घेतलंत आणि म्हणालात, यांच्या रक्तातच आहे."

"मॅडम, आवाज," सर म्हणाले. कान लाल झाले होते. "मी तसं म्हणालो नव्हतो."

"काल चार वाजता म्हणालात. असेलही, सर. मी नाही म्हणत नाही, मला काय कळतंय, मी नळ्या धुणारी. पण हातातलं आधी लिहा, मग रक्तातलं."

बाहेर रिसेप्शनवर कुणीतरी रिपोर्टासाठी भांडत होतं. शेवटी त्यांनी माझा फॉर्म उलटा करून कोऱ्या बाजूवर रेघ मारली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "किती वर्षं?"

"सात असतील."

"अंदाजे सात लिहितो."

"अंदाजे नको. विचारते."

फोन मी त्यांच्या टेबलावरच ठेवला, स्पीकर लावला. नंबर यल्लाप्पाचा. सात-आठ रिंगा गेल्या.

"कोन हाय?" आवाज पार चिरकला होता त्याचा.

"दादा, मी हरणा."

"हरणा वारली. सरकारी कागदावर हाय तसं."

"मंग वारलेली बोलतीया आसं समज. दादा, मी पेस्टला किती साल गेले रं?" शिवांजलीनं मान वर केली. बावीस वर्षांत तिथं कुणी माझं हे बोलणं ऐकलं नव्हतं, मीही नाही.

"कशाला पायजे? साताऱ्याच्या बाईला पेस्टचं काय पडलंय? मागल्या खेपंला तोंड झाकून आलीस, चोरावानी. आता फोनवर चौकशी करतीस."

"माज्या रगतात रेघ निघालीया. तुज्यासारकी."

मागं भांड्याचा आवाज झाला, बाळाबाईनं विचारलं, कोन हाय वो, तिला त्यानं गप बस म्हटलं. मग खोकला आला, मोडक्या बरगडीवर हात दाबून माणूस खोकतो तसा, अर्धा गिळून. मी तीनदा 'दादा' म्हटलं.

"मोठी हाय का?" त्यानं विचारलं.

"बारीक हाय आजून."

"मंग बरं. गोळ्या कसल्याबी खाऊ नगंस कुनाच्या सांगन्यानं." मग म्हणाला, "तिथं कोन हाय तुज्यापाशी?"

मी सरांकडं बघितलं. "लॅबची मानसं हायती. ऐकत्यात. लिहून घेनार हायती."

"ऐकू दे की. आता काय राह्यलंय झाकाय." आणि तो मोजायला लागला. गावच्या तळ्याचं काम निघालं ते साल, आई पडली ते साल, गारांनी बाग झोडपली ते साल. प्रत्येकाला मी हूं म्हणत होते आणि प्रत्येकाबरोबर माझ्या समोर लाल बोटांचा एकेक ऑक्टोबर येऊन उभा राहत होता. सर पेन धरून बसले होते. सातव्याला तो थांबला.

"सात," मी सरांना म्हणाले.

"सात न्हवं, हरणे," यल्लाप्पा म्हणाला. "तुजं लगीन ठरलं तवा आईनं तुला पुसाय लावलं न्हाई, हात रंगत्यात म्हनून. पर बादली तूच धरून हिंडत हुतीस की समद्या बायकांच्या मागं, आन् कालवायचीस बी तूच, काडीनं न्हाई, हातानं. आठ लिव्हाय सांग."

सरांनी आठ लिहिलं. मी फॉर्म आणि पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं, त्याच्या खाली पी-सतरा होता, आणि पलीकडं तो अजून फोनवर असतानाच त्याच्या रकान्यातलं 'घरी' खोडून विचारलं, "आन् तू, दादा? तुजी किती?"